सोमेश्वराला फ्रान्सचे पाहुणे

॥ श्रीसोमेश्वर ॥

गेर्लिंगेन, जर्मनी
बुधवार, ६ सप्टेंबर २००६

चि. सौ. चारुलता हिला कुसुमवन्संचे ओंजळभर आशीर्वाद. इकडे आम्ही चौघं धडधाकट आहोत, तुम्हीही तसेच असाल असं धरून चालते. तुझ्या टाचेच्या भेगा, श्यामचं पित्त आणि काळ्या गाईचं लंगडणं या तिन्हींची खुशाली नीट लिहून कळव, कारण फोनवर श्याम नुसतं "बरंय" म्हणतो आणि ते गाईबद्दल की स्वतःबद्दल हे काही कळत नाही. माझा गुडघा इथल्या थंडीत कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही. भाद्रपदात स्वेटर घालून बसावं लागतं अशा देशात गुडघ्यानं कुरकुरू नये तर काय करावं?

हे पत्र रात्रीची जेवणं झाली की मोठ्यानं वाच. श्यामला समोर बसव आणि सरपंच राजाभाऊंनाही बोलावणं धाड. मी चौथी पास, माझं अक्षर तुलाच लागतं, म्हणून वाचायचं तूच. श्यामच्या हातात दिलंस तर तो मधल्या ओळी गाळेल. लहानपणी पोथी अशीच वाचायचा.

आता मुद्द्याचं. श्यामनं निघताना मला काम सांगितलं होतं, ते तुला ठाऊक आहे, पण राजाभाऊ बसलेत म्हणून पुन्हा लिहिते. आपल्या सोमेश्वराचं जुनं काळं देऊळ दसऱ्याच्या मुहूर्तावर उतरवायचं, त्या जागी स्लॅबचं नवं बांधायचं, आतून-बाहेरून पांढऱ्या टाइल्स आणि वर गुलाबी कळस, असं जीर्णोद्धार समितीनं ठरवलं (समितीचा अध्यक्ष श्याम, बाकी सगळी समिती म्हणजे राजाभाऊ). तेव्हा श्याम म्हणाला, "अक्का, तू एवढी चाललीच आहेस तर तिकडची देवळं बघून ये, फोटो काढून आण. आपल्या कळसाला कायतरी फॉरेनचं करू, तालुक्यात कुणाकडं नाही असं." आणि खोटं कशाला बोलू, टाइल्सच्या बाजूनं त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं मीच बोलले होते. म्हटलं, पुसायला बरं. तू मात्र तीच परात तीन वेळा घासलीस. रोज पहाटे ते देऊळ झाडतेस तू, आणि विचारलं कुणीच नाही तुला. हे मला तेव्हा दिसलं होतं, पण मी टाइल्सच्या नादात होते.

तर इथं आल्यावर मी सुधीरला म्हटलं, मला देवळं दाखव. सुधीर म्हणाला, "आई, हापिसात काम आहे." (तो गाडीच्या एका भागाच्या आतला एक भाग बनवतो. चार वर्षं झाली, अजून तो भाग पुरा झालेला नाही.) पण आमची सूनबाई शैला एकदम टुणकन उठली. तिला जुन्या चर्चांचं वेड आहे गं. इथली माणसं सुट्टीत समुद्रावर जातात, ही फ्रान्सच्या खेड्यापाड्यांतली आठशे-नऊशे वर्षांची चर्चं हुडकत हिंडते, वहीत टिपणं काढते. पुण्यात असताना पर्वती चढू या म्हटलं की हिचे पाय दुखायचे! पण तो विषय नको, सून गुणाची आहे आणि तिला थोडं फ्रेंच येतं, पुण्यात शिकली होती. नात अन्वीला शाळेची सुट्टी होती. सुधीरला आम्ही तिघींनी गाडीत घातलं.

ऱ्हाईन नदी ओलांडली की फ्रान्स. मी पासपोर्ट रुमालात गुंडाळून हातात धरून बसले होते, कुंकू ठीक केलं होतं, विचारलं तर काय सांगायचं ते पाठ केलं होतं. पूल आला, पूल गेला. कुणी कुत्रंसुद्धा आडवं आलं नाही. सुधीर म्हणाला, "आलं फ्रान्स." चारुलता, मला इतका राग आला! आपल्याकडे तालुक्याच्या नाक्यावर उसाची बैलगाडीसुद्धा अडवतात. मी एका देशातून दुसऱ्या देशात नऊवारी नेसून शिरले आणि कुणाला त्याचं काही नाही.

तिथून पुढं चार तास शेतंच शेतं. सगळ्या गाई पांढऱ्या, सगळ्या बसलेल्या, आणि राखायला एक माणूस नाही. मी अन्वीला विचारलं, गुराखी कुठंय? ती म्हणाली, "जा, आजी, गिब्ट्स निष्ट." तिचं हे असंच. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. नाही म्हणायचं असलं तरी आधी जा म्हणते. पहिले आठ दिवस मी खरंच उठून जात होते. नंतर कळलं, इथं जा म्हणजे हो.

पहिल्या दिवशी तीन चर्चं झाली. सगळी खेडेगावातली, आपल्या सोमेश्वराएवढीच लहानखुरी, जाड दगडाच्या भिंती, आत काळोख आणि गारवा. दाराशी दगडाच्या वाडग्यात पाणी होतं. मी म्हटलं, तीर्थ. ओंजळीत घेतलं, प्यायले, उरलेलं डोक्याला लावलं. सुधीर "आई!" करून ओरडला. ते नुसतं बोटं बुडवायचं असतं म्हणे. मग सांगायचं नाही का आधी? चव जरा कुबट होती, पण पोटाला काही झालं नाही. देवाचं पाणी, इथलं काय नि तिथलं काय. (राजाभाऊ, तुमच्या नळाच्या पाण्यानं मात्र होतं. हे वाचताना हसू नकोस गं, सरळ चेहरा ठेव.)

दुसऱ्या दिवशीचं गाव मात्र माझ्या जन्मात विसरायचं नाही. नाव मला म्हणता येत नाही. अन्वीनं तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा ती रागावली. पंधरा-वीस घरं, एक चौक, मध्ये चर्च. बाजूच्या घरातल्या बाईंकडे चर्चची किल्ली असते असं शैलाच्या वहीत लिहिलेलं. ती किल्ली मागायला गेली, सुधीर गाडी लावायला गेला. मी म्हटलं दार ढकलून बघू, तर ते उघडंच होतं. चपला बाहेर काढल्या, पायऱ्या चढले, आत पाऊल टाकलं आणि सवयीनं हात वर केला. तुला सांगते, देवळात शिरल्यावर घंटा वाजवली नाही तर माझ्या हाताला चैन पडत नाही. वर घंटा नव्हती. पण छतातून एक जाडजूड दोर खाली लोंबत होता. मी म्हटलं, ही पद्धत दिसते इथली. धरला आणि ओढला.

आधी काहीच झालं नाही. मग मी पदर खोचला, दोन्ही हातांनी धरला आणि विहिरीतून भरली घागर ओढावी तसा ओढला. तेव्हा वर कुठंतरी आभाळात ढण्ण करून जे वाजलं, ते माझ्या दातांत शिरलं. आणि दोर परत वर चालला! मी सोडला नाही. इतक्या घागरी ओढल्यात आयुष्यात, दोर सोडला की बादली गेलीच, हे हाताला माहीत. त्यामुळं दोराबरोबर मीही टाचांवर, मग चवड्यांवर, आणि मग खरं सांगू का, क्षणभर अधांतरी. खाली आले तर पुन्हा ढण्ण. वर गेले तर ढण्ण. असं सहा वेळा झालं (अन्वी म्हणते नऊ). शेवटी सुधीर धावत आला आणि त्यानं मला कमरेला धरून उतरवलं. लहानपणी मी त्याला पेरूच्या झाडावरून असंच उतरवायची.

बाहेर येऊन बघते तर सगळा गाव चौकात. सगळा म्हणजे नऊ माणसं आणि एक कुत्रा, पण त्या गावाच्या मानानं यात्राच. भर दुपारी अवेळी घंटा वाजली की तिथं कुणीतरी गेलं असं समजतात. एका म्हाताऱ्यांना गेले दोन महिने बरं नव्हतं, सगळ्यांना वाटलं तेच आटोपले. दोन बायका तर कपाळाला-छातीला हात लावत होत्या. तेवढ्यात ते आजोबा स्वतःच काठी टेकत चौकात आले, कोण गेलं बघायला! मग जी हसाहस झाली! आजोबांनी माझा हात हातात घेऊन काहीतरी म्हटलं. शैला म्हणाली, "अहो आई, ते म्हणतायत, माझ्यासाठी एवढी मोठ्यानं कुणी वाजवेल असं वाटलं नव्हतं."

या गडबडीत किल्लीवाल्या बाई आल्या. मादाम ओदेत. वय एक्क्याऐंशी, फुलाफुलांचा एप्रन, हातात कोंबड्यांचं खाणं, चेहरा असा की आता मारतात की काय. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. नऊवारी, स्वेटर, मोजे, कुंकू. मग माझ्या मोज्यांकडे बघून दाराकडे पाहिलं, तिथं माझ्या चपला शेजारी शेजारी ठेवलेल्या. शैलानं सांगितलं, आमच्यात देवाच्या दारात पायताण काढतात. चारुलता, त्या बाईंनी काय केलं असेल? कोंबड्यांचं भांडं खाली ठेवलं आणि वाकून, कण्हत कण्हत, स्वतःचे रबरी बूट काढले. आणि मोज्यांवर माझ्याबरोबर आत आल्या. एक्क्याऐंशी वर्षांत पहिल्यांदाच त्या देवळाची फरशी पायाला लागली म्हणाल्या, गार आहे म्हणाल्या. म्हटलं, मग इतकी वर्षं काय केलंत?

मग त्यांनी मला सगळं देऊळ दाखवलं. खांबांच्या वरच्या टोकाला दगडात चित्रं कोरलेली: एक गाढव वाजंत्री वाजवतंय, एका माणसाचा दात उपटतायत, एक जण सगळ्यांना जीभ दाखवतोय (नाक डिट्टो राजाभाऊंचं, फोटो सोबत आहे). अगदी आपल्या सोमेश्वराच्या मागच्या भिंतीवर आहेत तशीच गंमत. त्या भिंतीवरच्या हत्तीला आपण गेल्या वर्षी निळा ऑइलपेंट लावला, ते मी काही ओदेतबाईंना सांगितलं नाही. भिंतीला रंग नाही, टाइल नाही. उलट वरचा चुना खरवडून काढलाय, कारण खाली जुनं चित्र निघालं, अर्धंमुर्धं, एका संताला तर डोकंच नाही. मी म्हटलं, नवं डोकं काढून घ्यायचं. बाई म्हणाल्या, ज्यानं काढलं त्याचं होतं ते, आमचं नव्हे.

आणि उंबरा. चारुलता, त्या दाराचा दगडी उंबरा मधोमध झिजून असा खोलगट झालाय, परातीसारखा. मी त्यात पाय ठेवला आणि पाय बरोब्बर बसला. तिथंच खाली बसले. सुधीरला वाटलं चक्कर आली. चक्कर नव्हती. आपल्या सोमेश्वराचा उंबरा असाच नाही का? श्याम रांगत होता तेव्हा मी त्याला त्या खोलगटात बसवायची आणि आईबरोबर आत जायची. तो त्यातून बाहेर पडायचा नाही, इतकं ते त्याच्या मापाचं होतं. श्याम, तुला आठवत नसणार, तू सात महिन्यांचा होतास. पण तो दगड दसऱ्याला उखडून ट्रॅक्टरमध्ये घालणार आहेस, म्हणून सांगितलं.

ओदेतबाईंनी मग कॉफी पाजली आणि एक गोष्ट सांगितली. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावच्या सरपंचांनाही जीर्णोद्धार सुचला होता. आत सिमेंटची फरशी, बाहेर पिवळा रंग. बाईंनी किल्ली एप्रनच्या खिशात घातली, विणकाम घेतलं आणि दारात खुर्ची टाकून बसल्या. अकरा दिवस. सरपंच रोज यायचे, बाई रोज विचारायच्या, "स्वेटर तुमच्या मापाचा विणू का?" बाराव्या दिवशी सरपंचांनी नाद सोडला. स्वेटर मात्र घेऊन गेले. (ही नुसती ऐकलेली गोष्ट आहे हं. आपल्या गाभाऱ्याची किल्ली आपल्याच घरात तुझ्याकडे असते, याचा तिच्याशी काही संबंध नाही.)

मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडे आहे का असं जुनं? आता तूच सांग, मी गप्प बसायचं का? मी म्हटलं, तुमच्यापेक्षा जुनं आहे! काळ्या दगडाचं, चुन्याचा थेंब नाही, दगडात दगड अडकवलेला, हजार वर्षं हललेला नाही. शैला सांगत गेली आणि बाईंचे डोळे मोठे होत गेले. आणि आता नीट ऐका, राजाभाऊ. त्या ओदेतबाई आणि त्यांच्या मंडळातल्या दहा बायका, मिळून अकरा जणी, येत्या जानेवारीत आपलं सोमेश्वर बघायला येणार आहेत. खास विमानानं. तुमच्या नावानं त्यांचं टाइप केलेलं पत्र वेगळं पाठवलं आहे, एव्हाना मिळालं असेल. फ्रान्सहून माणसं आपल्या गावात येणार, त्यांना दाखवायचं काय? स्लॅब? स्लॅब त्यांच्याकडेही आहेत, कोंबड्यांच्या खुराड्याला. तालुक्यात कुणाकडं नाही असं हवं होतं ना? तालुक्यात फ्रान्सची बाई आलेली नाही. पेपरात फोटो येईल, त्यात मधोमध सरपंच उभे राहतील. तेव्हा देऊळ उतरवायचं काम दसऱ्याला नको. निदान जानेवारीपर्यंत तरी नको. मग पुढचं पुढं.

सगळ्यांना नमस्कार-आशीर्वाद ज्याचे त्याला. श्याम, रागावू नकोस. पित्त होईल.

तुझी वन्सं,
कुसुम

ता.क. ओदेतबाईंचा नि माझा फोटो जोडला आहे. दोघींच्याही पायांत नुसते मोजे आहेत. ही गोष्ट राजाभाऊंना मुद्दाम दाखव.

(इथपर्यंत मोठ्यानं वाच. पुढचा कागद तुझ्या एकटीचा. श्यामनं विचारलं तर खोबऱ्याच्या वड्यांची कृती आहे म्हण.)

ता.क. दुसरा. चारुलता, आता खरं सांगते. ओदेतबाईंना मी बोलावलंच नाही. कॉफी पिऊन झाली, गळाभेट झाली, सुधीर हॉर्न वाजवायला लागला आणि ते राहूनच गेलं. युक्ती मला परत येताना गाडीत सुचली. राजाभाऊंचं ते पत्रही ओदेतबाईंचं नव्हे. मी सांगितलं आणि अन्वीनं कॉम्प्युटरवर इंग्रजीत टाइप केलं, खाली फ्रेंच वाटेल अशी वळणदार सही केली. शनिवारी मी स्वतः चालत जाऊन टपालाच्या पिवळ्या पेटीत टाकलं. या पोरीनं मला अडीच महिन्यांत एक शब्द मराठीत उत्तर दिलं नव्हतं, पण त्या दिवशी "आजी, हे खोटं आहे" एवढं मात्र शुद्ध मराठीत बोलली. मी म्हटलं, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. माझं तुझ्याकडे मागणं एवढंच, की राजाभाऊ पत्र घेऊन आले की तू आश्चर्य दाखवायचं आणि लगेच म्हणायचं, अकरा जणींचं जेवण आपल्याकडे. म्हणजे श्यामला माघार घेता येणार नाही. जानेवारीत आपण सांगू, बाईंची तब्येत बिघडली, पुढच्या वर्षी येतायत. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणू, विमानाचं जमलं नाही. अशी आठ-दहा वर्षं सहज निघतील. तोवर राजाभाऊ सरपंच राहतायत थोडेच.

ता.क. तिसरा, शनिवार. पत्र पाकिटात घातलेलं पुन्हा काढलं. सूनबाईला कॉम्प्युटरवर ते पत्र सापडलं होतं. परवापासून ती नुसती गालात हसत होती, मला वाटलं तिचा कामावर काही मान झाला. आज सकाळी फोन वाजला, तिनं घेतला, अर्धा तास फ्रेंच चाललं आणि मग ती माझ्यासमोर येऊन बसली. "अहो आई, तुमचं खोटं उघडं पडू नये म्हणून मीच ते खरं केलं. ओदेतबाईंना खरंच बोलावलं." त्या येतायत, चारुलता. अकरा नाहीत, चौदा. ते काठीवाले आजोबापण येतायत, मरायच्या आधी एकदा काळं देऊळ बघायचंय म्हणतात. थंडी किती असते आणि देवळात घंटा किती वाजता वाजवतात, एवढंच त्यांनी विचारलंय.

तर माझी बाई, वरचं सगळं विसर आणि देवळाच्या एका दगडाला कुणाला हात लावू देऊ नकोस. आता खोटं बोलायची सोयच राहिली नाही.